माजलगावचं लग्न रांगेत आहे

आमच्या साडूंच्या ताब्यात गेलेली वस्तू या जगातून कधीच नष्ट होत नाही; ती फक्त परत मिळत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बीडमध्ये राहतात, आणि एके काळी जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग त्यांनीच केलेलं आहे. त्या काळात बोहल्यावर चढलेल्या कुणाच्याही घरी जा, नवरा-नवरी बदामाच्या आकारात कपिलधारच्या धबधब्यातून वर येताना दिसतील. धबधबा त्यांनी एकदाच टिपला, एका श्रावणात, आणि पुढे सगळ्यांना तोच पुरवला. आम्हीही त्यातूनच वर आलो. मी जरा तिरका आलो, पण त्याबद्दल तक्रार ऐकून घ्यायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

पुढे हाताहातांत मोबाइल आले, धंदा बसला आणि डिस्कांच्या गोण्या तेवढ्या घरात उरल्या. डिस्कांवर डाग पडू लागले तेव्हा साडूंनी एकेक डिस्क जशीच्या तशी फाइलीत उतरवली आणि त्या सगळ्या फाइली एका काळ्या डब्यात भरून ठेवल्या. डब्यात चार हार्डडिस्क, आणि डबा घरच्या वायफायला जोडलेला, म्हणजे घरातल्या कुणीही आपल्या मोबाइलवरून किंवा टीव्हीवरून त्यात डोकावावं. साडू त्याला ‘कणगी’ म्हणतात. कणगीत काय नाही? जेवताना कॅमेरा बंद करायचं विसरल्यामुळे टिपली गेलेली मांडवाची जमीन आहे, आणि त्या जमिनीवरच्या चपला आहेत. ‘हे तरी काढून टाका की, दाजी,’ असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्या चपलाच पळवल्या होत्या. ‘कावून काढू? कुणाच्या तरी हायतच ना त्या?’

आता गंमत अशी, की कणगीतली एकही फाइल आजच्या मोबाइलवर किंवा टीव्हीवर चालत नाही. तिचं आधी नव्या प्रकारात रूपांतर करावं लागतं. हे काम साडू एकेका लग्नापुरतं करत नाहीत. एकदा हुकूम दिला की कणगीने ओळीने सगळी लग्नं बदलत जावं, असा त्यांचा बंदोबस्त आहे. त्याला ते ‘घाणा’ म्हणतात. ओळ गावांच्या नावांची : अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, आणि असंच पुढे. कणगीच्या आतला मेंदू बेताचा, त्यामुळे घाणा बैलगाडीच्या चालीने निघतो, आणि तेवढ्यात वीज जाते. इन्व्हर्टर पंख्यांना वाहिलेला. वीज परत आल्यावर राहिल्या जागेपासून पुढे जावं असं तुम्हा-आम्हाला वाटेल. साडूंना नाही वाटत. ‘अर्धवट तळलेलं पोटाला बाधतं,’ म्हणतात, आणि पुन्हा अंबाजोगाईपासून सुरू करतात. अंबाजोगाईचे सगळे नवरदेव मला आता तोंडपाठ आहेत. त्यांतले काही आजोबा झाले असतील, पण आमच्याकडे त्यांना दर आठवड्याला हळद लागते.

बरं, निघालेलं प्रत्येक लग्न साडू स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहतात. परक्यांच्या पाठवणीला डोळे पुसतात. एकदा बसस्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो, तर हे एका टक्कल पडलेल्या गृहस्थासमोर जाऊन उभे राहिले. ‘तुमच्या लग्नात तुमचे मामा रुसून न जेवता गेलते. जेवले का मंग नंतर?’ तो बिचारा पिशवी छातीशी धरून मागे सरकला. मग काय आठवलं कोण जाणे, हळूच म्हणाला, ‘न्हाई जेवले.’ साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी निघून गेली.

इतकं सगळं मी हसत सोसलं असतं. पण मागच्या वर्षी आमचे सासरे, आण्णा, गेले, आणि त्यांचा आवाज कुणाकडेच राहिला नाही. ते फोनवर ‘हां’ आणि ‘ठेवू का’ एवढंच बोलायचे. जन्मात एकदाच त्यांनी माइक हातात घेतला, तो माजलगावला, आमच्या लग्नात, पाहुण्यांचे आभार मानायला. माझी बायको सांगते, आण्णा म्हणाले होते, ‘माझ्या लेकीचं काई चुकलं तर तिला न्हाई, मला बोला.’ थोरली सांगते, साफ खोटं. ते म्हणाले, ‘मला ल्योक न्हाई, ह्या दोगीच माझे ल्योक.’ थोरलीच्या स्वतःच्या लग्नात आण्णा एक शब्द बोलले नव्हते. तिच्या वाट्याला आलं असेल तर त्या ‘दोगी’ शब्दात आलं असेल. त्यामुळे दोघी बहिणी त्यावरून अशा भांडायच्या की मध्ये बोलायची माझी छाती होत नसे.

आमच्या घरची डिस्क असती तर निकाल लागला असता. पण ती सासऱ्यांनीच पाहायला म्हणून नेली होती. घरात डिस्क लावायचं यंत्र नाही, तेव्हा त्यांनी ती दोरी बांधून ज्वारीत टांगली. पाखरं भितात म्हणे. आमचा संसार दोन हंगाम त्यांच्या कणसांवर चमकत राहिला. म्हणजे उरली ती कणगी, आणि कणगीत माजलगाव पार शेवटाकडे.

‘दाजी, तेवढं एक आधी काढून द्या,’ बायकोने हात जोडले. साडूंचा चेहरा पडला, पण मान हलली नाही. ‘एकदा असंच मधी घुसवलं, तर गेवराईच्या नवरीला परळीचा नवरदेव लागला. लई शिव्या खाल्ल्या. माजलगावचं लग्न रांगेत हाय, बाई. येतंय.’ ते येत नव्हतं. केज गाठलं की वीज जायची. मी तर आशा सोडली होती. आपण सगळे मरू, आपलीही कुणीतरी फाइल करील आणि कणगी अंबाजोगाईलाच असेल, अशी माझी खात्री पटली होती.

मग कुणा मोठ्या पुढाऱ्याचा दौरा लागला आणि वीज गेलीच नाही. दौरा संपायच्या आत साडूंचा फोन आला, ‘या. माजलगाव निघालं.’

दुपारी आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. धबधबा झाला, मी तिरका वर आलो, कुणी हसलं नाही. मग मांडव दिसला, आणि आण्णा. टोपी सारखी केली, माइक हातात घेतला, तोंड उघडलं. आणि सनई वाजू लागली.

सनईच वाजत राहिली. आण्णा बोलत होते, मान हलवत होते, आणि वर सनई. त्या काळात चित्रीकरणावर असंच संगीत चढवायचे. मूळ आवाज पुसून जायचा. मूळ कॅसेटवर साडूंनी पुढचं लग्न कधीच टिपलं होतं.

‘मीच चढवलीती,’ साडू म्हणाले. ‘वाटलं, भाषण कोण ऐकतंय.’ या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याने चपलासुद्धा जपल्या, त्याच्या हातून नेमकं हेच गेलं. त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

पुन्हा पहिल्यापासून लावलं. घरात पंख्याचा तेवढा आवाज. ओठांवरून काही कळेल म्हणावं, तर ओठ मिशीच्या आत. आण्णा बोलले, थांबले, उपरण्याच्या टोकाने नाक पुसलं, आणखी थोडं बोलले आणि माइक भलत्याच माणसाच्या हातात देऊन निघून गेले.

थोरली पडद्याकडे बोट दाखवून घाईघाईने म्हणाली, ‘बग, बग, इथं. दोगीच म्हणले ना?’

माझ्या बायकोने पदर तोंडाशी धरला होता. वर्षभर ज्या एका वाक्यासाठी ती भांडली, ते वाक्य मलाही पाठ होतं. ती बराच वेळ त्या मिशीकडे पाहत राहिली.

‘व्हय, अक्का,’ ती म्हणाली. ‘दोगीच म्हणले.’