सव्वीस-दीडचं चाक

गल्लीचं त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या फाटकापाशी. एका मुलीची सायकल भिंतीवर आपटून पुढच्या चाकाचा चिमटा वाकला होता, आणि भोवती जमलेली मोठी माणसं 'हा आता बदलावाच लागणार' असं तिला पुन्हा पुन्हा सांगून रडवत होती. रस्त्यापलीकडून एक सडपातळ माणूस आला. त्यानं मान तिरकी करून चिमटा पाहिला, "जमेल" म्हणाला, आणि फाटकाच्याच गजात अडकवून तो सरळ करून दिला. तेव्हापासून त्याचं नाव जमेल पडलं. त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर वेगळं नाव होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही.

'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून निघतच नसे. त्याची बायको म्हणायची, "यांना उद्या कुणी आगगाडीचं पंक्चर काढायला बोलावलं, तरी हे पाना घेऊन निघतील." ती हे कौतुकानं म्हणायची आणि तोही कौतुक म्हणूनच ऐकायचा.

नर्सबाईंची सायकल त्याच्याकडे आली तेव्हाही तो हेच म्हणाला. नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण कुणाची जखम बांधायला, कुणाला इंजेक्शन द्यायला त्या अजून घरोघर जात. सायकल त्यांच्या वडिलांची, परदेशी बनावटीची, करड्या रंगाची. तिचे टायर उन्हानं तडकले होते. त्यांच्यावरचा आकडा झिजून गेला होता. फक्त 'सव्वीस' तेवढं वाचता येत होतं.

जमेलनं सव्वीसचे नवे टायर आणले. पुढचा चाकावर चढवला, तर तो टायर चढवायच्या लोखंडी पट्टीनं उचलावाही लागला नाही. सरळ आत गेला. सैल चप्पल पायात जावी तसा. एरवी टायर चढवताना अंगठे लाल होतात, हे सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. जमेलनं टायर हातानं गोल फिरवून पाहिला. तो रिमवर सरकत होता.

"जमलं का हो?" नर्सबाई दारात उभ्या होत्या. "एका म्हातारीचं ड्रेसिंग बदलायचंय. वाट बघत असेल बिचारी."

"जमेल बाई, बसा जरा."

त्यानं त्यांच्याकडे पाठ केली, जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या आणि रिमच्या खाचेत एकावर एक गुंडाळल्या. मागच्या चाकालाही तेच केलं. त्यावर टायर बसले. हवा भरल्यावर छान टणक लागले.

"मिळाले बाई, अगदी तुमच्या मापाचे," तो म्हणाला.

काही दिवसांनी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पुढचा टायर रिमवरून उतरला. ट्यूब फुटली, चाक अडकलं आणि नर्सबाई मनगटावर पडल्या. लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि सायकल जमेलच्या दुकानात आणून टेकवली. टायर एका बाजूनं लोंबत होता. कुणी वाकून पाहायच्या आत जमेलनं तो अंगठ्यानं आत ढकलला, आणि तशीच सायकल नर्सबाईंच्या घरच्या बोळात नेऊन ठेवली.

बायको नर्सबाईंना भेटून आली.

"म्हणतात, वय झालं. तोल गेला म्हणे आपला, आणि पडल्यामुळे ट्यूब फुटली. डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्यात. सायकल पेपरवाल्याला द्यायची म्हणतात."

"हं."

"हं काय? जाऊन या की एकदा! केवढं कौतुक त्यांना तुमचं. येईल त्याला सांगतात, जमेलनं कुठून कुठून हिंडून माझ्या मापाचे टायर आणले."

जमेल पंक्चर शोधायच्या घमेल्यापाशी बसला होता. त्यात ट्यूब नव्हती, तरी त्यानं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि बायको आत जाईपर्यंत वर काढले नाहीत.

जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. पण रिकाम्या हातानं जायची त्याला लाज वाटत होती. खरा टायर हातात असला की तोंड उघडेल, असं तो स्वतःला समजावत होता. आणि टायर मिळेपर्यंत तोंड उघडायला नको, हेही त्यात होतंच.

बाईंचा जुना, तडकलेला टायर खांद्यावर टाकून तो हिंडू लागला. जुन्या बाजारातल्या एका दुकानदारानं तो हातात घेतला आणि हसला. "हा सव्वीस-दीड. नेहमीच्या सव्वीसपेक्षा याचं कडं लहान असतं. माझ्या आजोबांना विचारा, कदाचित वर स्वर्गात मिळत असेल." बाकीच्यांनी तर हातही लावला नाही.

शेवटी तो काचेच्या दाराच्या एका नव्या दुकानात शिरला. तिथं सायकली भिंतीवर टांगल्या होत्या आणि कुठं तेलाचा डाग म्हणून नव्हता. गल्ल्यावरची मुलगी उठली.

"माप काय, काका?"

"सव्वीस-दीड."

"इंचांचं सोडा, इंचात कुणी काहीही लिहितं." तिनं जुन्या टायरच्या कडेतली तार गोल धरून मोजली. "पाचशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर. थांबा."

तिनं भिंतीवरून एक टायर काढला. त्यावर ठळक लिहिलं होतं, साडेसत्तावीस.

"अगं, हा तर आणखी मोठा!"

"वरचा आकडा नका बघू. आतली कड बघा." तिनं नवा टायर जुन्यावर ठेवला. तारेवर तार बसली, केसाचाही फरक नाही. "त्यातला सगळ्यात पातळ देते, म्हणजे मडगार्डला घासणार नाही. मोजलं ते बरं झालं, काका. नुसतं सव्वीस वाचून कुणी बसवला असता, तर माणूस पडलं असतं."

जमेलनं दोन टायर घेतले आणि तिच्याकडे न पाहता बाहेर पडला.

तो त्यांच्या घरी पोचला तेव्हा नर्सबाईंचा हात गळ्यात अडकवलेला होता. "आता कशाला हो आणलेत?" त्या म्हणाल्या. "मी काही आता सायकलवर बसत नाही."

जमेलनं सायकल भिंतीपासून ओढून घेतली. बोळातच बसून त्यानं पुढचा टायर उतरवला. मग खाचेतून पट्ट्या निघू लागल्या. एक, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आणखी.

"हे काय?"

"जुन्या ट्यूबच्या पट्ट्या."

"कशाला?"

"टायर सैल होता, बाई. बसत नव्हता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

नर्सबाई हळूच पायरीवर बसल्या. "म्हणजे माझा तोल नव्हता गेला?"

"नाही, बाई. टायर उतरला. मीच..."

त्या हसल्या. चक्क मोठ्यानं हसल्या, पदरानं डोळे पुसले. "अहो, मी भिंतीला धरून न्हाणीत जातेय इतके दिवस! चक्करेच्या गोळ्या खातेय!" जमेल शिव्यांची तयारी करून आला होता. हसण्याची नव्हती. त्याची मान आणखी खाली गेली.

हसणं हळूहळू थांबलं. मग त्यांनी एक पट्टी उचलून पाहिली.

"त्या दिवशी 'नाही जमत' म्हणाला असतात, तर मी चालत गेले असते," त्या म्हणाल्या. "बसवा."

त्यानं दोन्ही टायर बसवले. अंगठे लाल झाले.

"नीट बसलेत?"

"हो, बाई."

"खरं सांगताय?"

त्यानं चाक उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डाव्या हातानं कड चाचपून पाहिली, सगळीकडून, आणि मान हलवली. चहा विचारला नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. आगगाडीची थट्टा तिनं पुन्हा केली नाही. नर्सबाईंनी गल्लीत कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

मनगट बरं झाल्यावर त्या परत सायकलवर दिसू लागल्या. सकाळी जमेलच्या दुकानावरून जातात, तो उठून उभा राहतो, त्या मान हलवतात. चाकांत हवा मात्र त्या चौकातल्या पेट्रोल पंपावर भरून घेतात.