बटाट्याचं अंथरूण

घडीसाहेबांना अंथरूण-पांघरुणातलं सगळं कळतं, असं मानणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस साडेआठ वर्षांचं होतं.

बाकीच्यांनी मानणं केव्हाच सोडलं होतं. एका बड्या हॉटेलच्या लिनन रूममध्ये एकोणतीस वर्षं चादरी मोजून साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांची अशी समजूत होती की आता मजल्यामजल्यावरून लोक सल्ला विचारायला रांग लावतील. कुणी फिरकलं नाही. मग साहेब स्वतःच फिरू लागले. समोरच्या गॅलरीत चादर वाळत पडलेली दिसली की जिन्यातून आवाज यायचा, "वहिनी, आडवी घातलीत! उभी घाला, उभी! कड ओढली जाते!" वहिनींनी दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम आडवी घातली आणि तिच्या डोक्यावर दोन पायपुसणी. घरी टॉवेल तीनदाच दुमडायचा, कड आतल्या अंगाला, आणि पाहुणा आला की त्याला कपाट उघडून दाखवायचं. पाहुणे दुसऱ्यांदा येत नसत. घडीसाहेब हे नाव त्यांना जिन्याने दिलं. त्यात टिंगल आहे हे त्यांच्या आजवर लक्षात आलेलं नाही. उलट कुणी हाक मारली की छाती दोन बोटं पुढे येते.

नात मात्र मानायची. सुटीत आली की आजोबांनी ताणून, कोपरे मोडून, चारी बाजूंनी खोचलेल्या चादरीत शिरायची आणि आतून ओरडायची, "आजोबा, मी पाकिटात आहे! तिकीट लावा!" शाळेतही तिने सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा झोपण्याच्या गाद्यांचे शास्त्रज्ञ आहेत. त्या एका वाक्यावर साहेब सहा महिने जगले.

म्हणून तिच्या आईवडिलांना कामासाठी तीन आठवडे परगावी जावं लागलं, तिलाही सोबत नेणं आलं, आणि बटाट्याचं काय हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नाही. बटाटा म्हणजे तिचा गिनीपिग. तपकिरी, गोल, शेपूट नाही, मान नाही. पाय आहेत, पण ते शोधावे लागतात.

मुलगा चाचरत म्हणाला, "बाबा, राग मानू नका, पण मी त्याला खाली शिवणकाकूंकडे ठेवावं म्हणतोय. त्यांनी ससे पाळलेले आहेत."

शिवणकाकू तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत मशीन, लोकांच्या पँटी आखूड कर, झिपा बदल, असली कामं. ओठांत कायम चार टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं. साहेबांच्या लेखी ती बाई म्हणजे कापडाच्या दुनियेतली अंगठाछाप.

"पँटी आखूड करणारी बाई अंथरूण घालणार?" साहेबांनी नाक असं मुरडलं की ते परत सरळ व्हायला वेळ लागला.

"नको, शिवणकाकू नकोत," नात म्हणाली. "अंथरुणातलं आजोबांनाच कळतं. पण आजोबा, बटाट्याला काही झालं ना, तर मग तो दर सुटीत शिवणकाकूंकडे. कायमचा. आणि मीपण तिकडेच बसणार."

साहेब हसले. पण ती पोरगी जे बोलते ते करते, हे त्यांना ठाऊक होतं.

जाताना तिने एक मोठी पिशवी ठेवली. आत कागदाच्या लगद्याचे राखाडी तुकडे, मऊ, बिनवासाचे. "हेच घाला. तीन आठवडे पुरेल," असं दोनदा बजावलं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि साहेबांनी पिशवीत हात घातला, तुकडे बोटांत चुरडले, आणि पिशवी थेट कचऱ्याच्या डब्यात.

"अहो!" आजी ओरडल्या.

"अगं, हॉटेलात असला कचरा आम्ही काढायचो. अंथरायचो नाही."

मग पिंजऱ्यात आली पांढरी शुभ्र चादर. खळ दिलेली, कडक इस्त्री केलेली, शेवटच्या पाण्यात गुलाबाच्या वासाचं सॉफ्टनर झाकणभर जास्त. कोपरे मोडून खोचलेले, सुरकुती नावाला नाही. साहेब मागे सरकून बघत उभे राहिले, जणू राजघराण्यातलं कुणी उतरायचं आहे. बटाटा आत शिरला, दोन पावलं चालला, घसरला आणि मुतला.

ते मूत कापडात शिरेचना. वरच थबथबलं, चकाकत राहिलं, आणि बटाटा त्या तळ्यात बसला.

"अहो, तो त्याच्यात बसलाय."

"बसू दे. चांगल्या अंथरुणाची सवय नाही त्याला."

चादर दिवसातून चारदा बदलावी लागली, तरी खोलीला वास सुटला. सॉफ्टनरमुळे धाग्यावर पातळ थर बसतो आणि कापड पाणी पीत नाही, ही गोष्ट हॉटेलच्या धोबीखात्यातला मुकादम साहेबांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. पाहुणे तक्रार करतात, टॉवेलने अंग पुसलंच जात नाही, असंही तो म्हणायचा. साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला होता की मुकादम आपल्यावर जळतो. तोच अर्थ कायम ठेवून त्यांनी आता निष्कर्ष काढला की सुवास कमी पडतोय.

मागच्या गल्लीत सुताराचं दुकान. तिथे रंधा मारून निघालेल्या सालपटांचे दोन ढीग होते. एक फिक्कट, कसलाच वास नसलेला. दुसरा लालसर, कुरळा, आणि असा घमघमणारा की साहेब उंबऱ्यावरच थांबले.

"देवदार?"

"हो. पण जनावराखाली घालायचं असेल तर ही पांढरी न्या. त्या लाकडात तेल असतं. लोक कपाटात ठेवतात, किडे मरायला."

किडे मरायला हे शब्द ऐकून दुसरा कुणीही सावध झाला असता. साहेबांचा चेहरा उजळला. कारण एकोणतीस वर्षं ब्लँकेटांच्या फळ्यांवर देवदाराचे ठोकळे त्यांनी स्वतःच्या हाताने मांडले होते. एका ब्लँकेटला कधी कसर लागली नाही.

"मला शिकवतोस?" ते म्हणाले. "जे ब्लँकेटला चांगलं, ते या एवढ्याशा उंदराला वाईट?"

सुताराने खांदे उडवले आणि पोतं भरून दिलं. घराला डोंगरावरच्या बंगल्यासारखा वास आला. साहेबांनी दार उघडं ठेवलं, जिन्यातल्या लोकांनाही कळावं म्हणून.

रोज सकाळी नातीचा फोन यायचा. आजी भाजीची पिशवी कुरकुरवायच्या, ती ऐकून बटाटा 'वीक्, वीक्' करून शिट्ट्या मारायचा, आणि पलीकडे ती खिदळायची. देवदार पसरल्यावर दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या मध्ये शिंका आल्या. साहेब म्हणाले, हवा बदललीय. तिसऱ्या सकाळी पिशवी कितीही कुरकुरवली तरी कोपऱ्यातला गोळा हलला नाही. समोरचं गवत आदल्या संध्याकाळी होतं तसंच. डोळे अर्धे मिटलेले, नाकाशी ओल, आणि श्वास घेताना बरगड्यांपाशी टिकटिक आवाज.

तेवढ्यात फोन वाजला.

आता इथे एखादा शहाणा माणूस खरं बोलला असता. साहेब फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लावून घेतलं, ओठ आवळले आणि स्वतः शिट्टी मारली. "वीक्! वीक् वीक्!" समोरच्या गॅलरीतल्या वहिनींच्या हातातला चिमटा खाली पडला.

"आजोबा, हे तुम्ही आहात."

"छे गं! तोच आहे. खुशीत आहे आज."

"बटाटा शिट्टी मारल्यावर धापा टाकत नाही. त्याला काय झालंय?"

"काही नाही. जरा आराम करतोय."

"खाली काय घातलंय?"

"एकदम उत्तम प्रतीचं, म्हणजे तू बघशील तर..."

"आजोबा. काय घातलंय?"

"देवदार," साहेब म्हणाले, आणि मग दारावरची घंटा वाजल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. घंटा वाजली नव्हती.

आत आजींनी भाजीच्या टोपलीत जुना टॉवेल घालून त्यावर बटाट्याला ठेवलंसुद्धा होतं. "तुम्ही शिट्ट्या मारा," त्या पायात चपला सरकवत म्हणाल्या. "मी डॉक्टरकडे चालले."

साहेब मागून धावले. एका पायात चप्पल, एका पायात बूट.

प्राण्यांची डॉक्टर तिशीतली, बाह्या कोपरापर्यंत सारलेली बाई होती. तिने बटाट्याच्या छातीला नळी लावली, मग टोपली हुंगली, मग न राहवून साहेबांचा सदरा.

"हा वास कशाचा?"

"शुद्ध देवदार," साहेब म्हणाले. सवयच ती. "एकोणतीस वर्षं वापरलाय मी. एक तक्रार नाही."

"कुणासाठी?"

"ब्लँकेटसाठी."

"ब्लँकेट श्वास घेतं का?"

इतक्या वर्षांत साहेबांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरज पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"हे प्राणी नाकानेच श्वास घेतात," डॉक्टर म्हणाली. "नाक जमिनीपासून दोन बोटांवर. दिवसरात्र ते तेल हुंगतोय हा. शिवाय कालपासून खाल्लं नाही म्हणता. याचं पोट थांबलं की प्राणी थांबतो. औषध देते. दर तीन तासांनी बारीक केलेलं खाणं सिरिंजने भरवा, बळजबरीने. परवापर्यंत स्वतः खायला लागला तर वाचला. आणि ते अंथरूण आज, आत्ता काढा. कागदाचे तुकडे घाला, नाहीतर फ्लीसचं मऊ कापड. वास कसलाही नको."

कागदाचे तुकडे कुठे होते हे साहेबांना माहीत होतं. कचऱ्याची गाडी ते नऊ दिवसांपूर्वी घेऊन गेली होती.

परत येताना आजी वर चढल्याच नाहीत. तळमजल्याच्या दारात टोपली टेकवून त्यांनी सगळं सांगून टाकलं, शिट्टीसकट. शिवणकाकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे प्रसंग गंभीर होता. खाटेखालच्या खोक्यातून त्यांनी फ्लीसचे दोन तुकडे काढले. कुणाच्या तरी जॅकेटातून उरलेले, एक जांभळा, एक वाघाच्या पट्ट्यांचा.

"खाली जुने टॉवेल दोन पदर, वर हे. वरचं कोरडं राहतं, ओल खाली जाते. पण नवं कापड पाणी खाली जाऊ देत नाही, आधी पाच पाण्यांतून काढा. गरम पाणी, साबण अगदी थोडा." मग साहेबांकडे बघून सावकाश, "सॉफ्टनर नाही. खळ नाही. इस्त्री नाही."

"इस्त्री नाही?" साहेबांचा आवाज चिरकला. दुसऱ्या कुणाला इतका धक्का निदान दोन तरी नातेवाईक गेल्याशिवाय बसला नसता.

पण त्यांनी धुतलं. पाच पाण्यांतून, बाथरूमच्या फरशीवर उकिडवे बसून, सुवासाशिवाय. मग एका सुकलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब आला आणि गेला, डागही मागे राहिला नाही. आपल्या गुलाबाच्या वासाच्या चादरीवर टाकला. तिथे तो मण्यासारखा बसून राहिला. साहेब बराच वेळ त्या मण्याकडे बघत होते. कापड त्यांना कळत होतं, हे खरंच होतं. म्हणूनच आता आपण काय बघतोय हेही कळत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दोन दिवस आजी धरायच्या आणि साहेब सिरिंजने भरवायचे. बटाटा निम्मं त्यांच्या सदऱ्यावर थुंकायचा. बरोबरच होतं ते. तिसऱ्या सकाळी वाघाच्या पट्ट्यांवर बसून त्याने गवताची एक काडी ओढली, चावली, दुसरी ओढली. आजींनी पिशवी कुरकुरवली तेव्हा शिट्टी आली, बारीक, फाटकी. फोनवर नातीने ती ऐकली आणि एवढंच म्हणाली, "हा तोच आहे."

आठवड्याने ती आली ती चपला न काढता पिंजऱ्यापाशी. हात आत घालून फ्लीसवर पालथा ठेवला. कोरडं. हुंगून पाहिलं. काही नाही.

"हे कुणी धुतलं?"

"मी," साहेब म्हणाले. इथवर खरं होतं.

"कुणी सांगितलं असं करायला?"

"तसं पाहिलं तर आमच्या हॉटेलात फार पूर्वीपासून हे तंत्र..."

ती नुसती बघत राहिली. आजी दाराला टेकून उभ्या होत्या. साहेबांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, कुठूनही मदत आली नाही. मग दाढ उपटताना येतो तसा आवाज करत त्यांच्या तोंडून निघालं, "शिवणकाकूंनी."

"मग ठरलं होतं तसंच," नात म्हणाली. "पुढच्या सुटीपासून बटाटा काकूंकडे."

"अगं, पण आता मला सगळं येतं!"

"येतं. पण तो मेला असता ना, आजोबा."

साहेब खुर्चीत बसले, आणि बसल्यावर आधीपेक्षा लहान दिसले. मग पोरगी म्हणाली, "धुणं तुमच्याकडे. तेवढं तुम्हाला जमतं."

पुढच्या सुटीत पिंजरा शिवणकाकूंच्या मशीनशेजारी होता आणि नात त्याच्यासमोर पालथी पडलेली. साहेब दोन मजले उतरून आले, हातात फ्लीसचं गाठोडं. बेल वाजवून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. काकूंनी वरचा तुकडा उचलला, बोटांत चोळला, नाकाला लावला.

"साबण राहिलाय," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या. "अजून एक पाणी."

साहेबांनी तोंड उघडलं. नातीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी तोंड मिटलं, गाठोडं काखेत मारलं आणि जिना चढू लागले.