नातीच्या लॅबमधला एसी

मैत्रिणींनो, आज नातीने मला वागळे इस्टेटमधली तिची लॅब दाखवली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पोरीचं ते एवढं मोठं मशीन बघून ऊर भरून आला. एनएमआर म्हणतात त्याला. औषधात काय आहे ते कळतं म्हणे. आत मोठं लोहचुंबक, म्हणून बांगडीतल्या सेफ्टी पिनासुद्धा बाहेर काढून ठेवायला लावल्या.

"आजी, इथला गारवा थोडा जरी हलला तरी रीडिंग चुकतं हं," असं तिने सांगितलेलं. मी मान डोलावली.

चहाला निघालो आणि सवयीने माझा हात बटणावर गेला. रिकाम्या खोलीत एसी कशाला?

परत आलो तर खोली तापलेली. सकाळपासूनचं काम वाया. तिच्या साहेबांनी विचारलं, "एसी कोणी बंद केला?"

"सॉरी सर, माझ्याकडून झालं," नात म्हणाली. मी बाजूलाच उभी होते, पण तोंडच उघडलं नाही.

रिक्षात म्हणते, "जाऊ दे गं आजी, घरी पण तू हेच करतेस." मला रडूच आलं.

आत्ता ती खाली गेलीय. तिच्या खोलीतला पंखा चालूच आहे, मी हात लावलेला नाही.

उद्या जाऊन साहेबांना खरं सांगू का? ती नको म्हणते. तुम्ही काय केलं असतं?