घसारा धरून

आईसाठी काही घेतलं की दुकानाची पायरी उतरतानाच शरददादा किमतीची चिठ्ठी फाडून टाकायचा. घरी पोचेपर्यंत तीन हजारांची साडी हजाराची झालेली असायची. त्यावर त्याची आई, म्हणजे माझी आत्या, लगेच म्हणायची, "मग शेजारच्या काकूंनाही एक आण की, त्या पैसे देतील." दादा आणायचा आणि काकूंकडून मुकाट्याने हजार घ्यायचा. "अरे, खरी किंमत कळली की आई वस्तू कपाटात ठेवते. मग आणायची कशाला?" एवढंच त्याचं म्हणणं.

दादा माझा आतेभाऊ. वाढला कसबा पेठेत; आयटीतला पगार सुरू झाल्यावर वारज्याला फ्लॅट घेऊन गेला. आत्या पेठेतच राहिली. नवरा गेल्यावर मुलाला शिकवताना तिला काटकसरीची सवय लागली होती. मुलगा शिकला, मोठा झाला, पण आता ती थांबवायची हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे दादाने दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार घेतली, जुनी. "नवी घेतो तो मूर्ख. घसारा पहिल्या मालकाने सोसायचा, मजा आपण करायची!" किंमत छत्तीस लाख, आईला सांगितली नऊ. मी शेजारी उभा राहून मान डोलावली, कारण पहिली चक्कर मला मिळणार होती. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून आत्याला चालवत मोठ्या रस्त्यावर नेलं. तिने आत डोकावून विचारलं, "यात बसायचं की निजायचं?" मग माझं पोट आत बसवण्याचा कार्यक्रम झाला. तोही तिने पदर तोंडाला लावून पाहिला.

घसारा दुसऱ्या मालकालाही सोडत नाही, हे चार वर्षांनी कळलं. मंदीत दादाची नोकरी गेली, फ्लॅटचे हप्ते थकले आणि गाडीला जेमतेम वीस लाख येऊ लागले. तेवढे आले तरच फ्लॅट वाचणार होता. आईला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाईक मिळालं मांजरी गावचं. ज्यांच्या उसाच्या रानावर सोसायट्या उभ्या राहिल्या, असे एक पाटील. वीस लाख फोनवर ठरले, पण "माणसाचं घर बघितल्याबिगर मी येव्हार करत न्हाय," असं म्हणून ते थेट कसब्यात, आत्याच्या घरी आले. मी मध्यस्थ म्हणून हजर होतो, म्हणजे पोहे खात होतो.

आत्याने पाटलांना पाणी दिलं आणि म्हणाली, "हा संकोची आहे, मीच सांगते. नऊला घेतली, चार वर्षं वापरली. घसारा नको का धरायला? सहा द्या. वापरलेल्या वस्तूचे जास्त घेऊ नयेत."

पाटलांनी पेला खाली ठेवला. "आजी, सहा लाखाला ही गाडी कुणी देत नसतंय." मग दादाकडे वळून म्हणाले, "चोरीची हाय का वो? तसं असंल तर आपला रामराम." आणि उठलेच.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतले शेंगदाणे निवडू लागलो.

"चोरीची नाही," दादा म्हणाला. "आई, छत्तीसला घेतली होती. नोकरी गेलीय माझी. वीस आले नाहीत तर घर जाईल."

आत्या पाटलांना म्हणाली, "बसा. तुमचं दोघांचं ठरलं असेल तेच द्या. मला किमतीतलं कळत नाही." पाटलांनी घाईघाईने चहा संपवला, वीसवर शब्द दिला आणि गेले.

"पेठेत सगळ्यांना सांगत आले मी, माझा मुलगा उधळ्या नाही म्हणून," आत्या म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन? त्याचाही आकडा खोटाच सांगितलास?"

"हो आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

ते बिल भरायला मीच दादाबरोबर गेलो होतो. मी होकारार्थी मान हलवली.

आत्याने माझ्या हातातली बशी काढून घेतली. "एवढे पैसे घातलेत, तर मला नीट दिसायला हवं होतं रे," ती म्हणाली आणि आत गेली.