व्हॉल्व्हपासून चार बोटं

त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे आणि त्याला त्याचा राग नव्हता. वाचायला तो पक्का होता. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत संपवायचा आणि वर त्यातल्या चुका काढायचा. नाव पडलं होतं ते टायरवरून. नवा, कडक टायर रिमवर चढवताना बाकीचे सायकलवाले लोखंडी पट्टी घालतात, पट्टी हाताशी नसेल तर चमच्याचा दांडा. हा फक्त स्वतःचे दोन अंगठे लावायचा. टायर उतरवताना पट्टी चालेल, पण चढवताना पट्टी म्हणजे पाळण्यात कात्री ठेवण्यासारखं, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आतल्या ट्यूबला पट्टीचा चिमटा बसला की बाहेरून काही कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाक खाली बसतं.

त्याची रीत ठरलेली होती. आधी ट्यूबमध्ये थोडीशी हवा, तिला गोल आकार येईल इतकीच. टायरची एक कड रिममध्ये, मग ट्यूब, मग दुसरी कड. ती चढवायला सुरुवात करायची व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून आणि दोन्ही हात दोन्हीकडून व्हॉल्व्हकडे आणायचे. येता येता चढलेली कड चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, म्हणजे तिथली ढील शेवटी उपयोगी पडते. शेवटची वीतभर कड राहते ती व्हॉल्व्हपाशी. तिला साबणाचं पाणी लावायचं, अंगठे टेकवायचे, खांद्यातून जोर आणायचा आणि टप्. मग व्हॉल्व्ह आत दाबून सोडायचा. आणि पूर्ण हवा भरण्याआधी एक फेरी: टायर जरासा बाजूला दाबत, ट्यूब कुठे कडेखाली अडकली आहे का, ते तपासायचं. बाकीचे हे वाकून बघतात. हा नजर रस्त्यावर ठेवून नुसता अंगठा फिरवायचा. डोळ्याला सावली फसवते, अंगठ्याला कोण फसवणार, असं म्हणायचा.

स्वभावाने मात्र पक्का संशयी. दुसऱ्याच्या पंपाच्या काट्यावर त्याचा विश्वास नसायचा. दुकान बंद करून दहा पावलं गेला की परत येऊन कुलूप ओढून बघायचा. अलीकडे तर हे जरा वाढलंच होतं. किल्ली बोटांत नीट बसेना, तर कुणीतरी कुलूप बदललं असं त्याला वाटलं. शर्टाचं वरचं बटण लागेना, तर बायकोने काजं लहान केली असं त्याने ठरवलं. ती शिवणकाम करायची आणि त्याचे सगळे शर्ट तिच्याच हातचे होते. तिने वीस वर्षांपूर्वीचा शर्ट काढला, दोन्ही काजं शेजारी शेजारी ठेवून मोजून दाखवली. तो म्हणाला, टेप तुझीच ना.

अशा माणसाच्या दुकानात सहा महिन्यांपूर्वी मेव्हणा कामाला आला, बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, हसतमुख, तोंडात सतत कसलीतरी शीळ. तो काम करायचा तो कारखाना बंद पडला होता, आणि त्याआधी कधीतरी तो दुसऱ्या एका सायकलवाल्याच्या हाताखाली शिकला होता. तिथली रीत बरोबर उलटी. मेव्हणा सुरुवात व्हॉल्व्हपासून करायचा आणि शेवट समोरच्या टोकाला. त्यावरून रोज ठिणग्या. अंगठेबहाद्दर म्हणायचा, व्हॉल्व्हपाशी कड खोलात उतरत नाही, मग ढील कुठून आणशील, तुझ्या सासऱ्याकडून? मेव्हणा म्हणायचा, भाऊजी, चढला ना टायर, मग झालं. हे "मग झालं" त्याच्या डोक्यात जायचं. इतक्या सहज हसणारा माणूस काहीतरी लपवतोच, असा त्याचा हिशेब होता.

त्याच सुमारास आरोग्यकेंद्राचं काम आलं. तिथल्या बारा सिस्टर सायकलवरून घरोघर फिरायच्या आणि त्यांच्या सायकली अठरा वर्षं याच दुकानात यायच्या. दुकान उभं होतं ते त्यांच्या जिवावर. यंदा केंद्राने नव्या जातीचे टायर पाठवले, तेही असे की चढवताना घाम फुटावा. दोघांनी मिळून अकरा सायकलींना ते बसवले. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सायकली हातात धरून ढकलत सिस्टर परत यायला लागल्या. एक, मग दोन, मग तीन आठवड्यांत सात. बाहेरून काटा नाही, काच नाही. ट्यूब काढली की रिमच्या बाजूला एक बारीकशी, चंद्रकोरीसारखी चीर.

सातव्या सायकलीबरोबर मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई. एका बाळंतिणीकडे पोचायला पाऊण तास उशीर झाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "माझी सायकल अजून राहिली आहे. ती शुक्रवारी आणते. ती जर बसली, तर पुढच्या आठवड्यापासून आमचं सगळं काम चौकापलीकडच्या दुकानात जाईल."

त्या गेल्यावर अंगठेबहाद्दराने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याची शीळ थांबली.

चीर म्हणजे पट्टी. आणि पट्टी म्हणजे मेव्हणा. त्याने अंगठ्यांनी चढवण्याचं नाटक करायचं आणि आपण पाठ फिरवली की पट्टी घालायची, हे अंगठेबहाद्दराच्या मनात दगडासारखं पक्कं झालं. मंगळवारी त्याने दुकानातल्या सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि आपल्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेल्या. बुधवारी आठवी सायकल आली. मग चमचा. चहाच्या चमच्याचा दांडा वाकलेला होता. मेव्हणा म्हणाला की तो रंगाचा डबा उघडताना वाकला. मग रंगाचा डबा तपासला, झाकणावर ओरखडा होता, पण ओरखडा काय, नंतरही मारता येतो. चमचा खिशात गेला. त्या दिवशी दोघांनी चहा बोटाने ढवळला. गुरुवारी त्याने हवेच्या पंपाला टेकवून एक जुना आरसा ठेवला, म्हणजे पाठ फिरवली तरी मेव्हण्याचे हात दिसावेत. मेव्हण्याने त्यात बघून दोनदा केस नीट केले.

आणि पुरावा म्हणून त्याने भिंतीवर खिळे ठोकले. आठही फाटक्या ट्यूब व्हॉल्व्हपाशी धरून ओळीने टांगल्या आणि प्रत्येक चिरेभोवती पांढऱ्या खडूने गोल केला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसावं, मुख्य म्हणजे एका माणसाला रोज दिसावं, हा बेत. संध्याकाळी त्याने मेव्हण्याला सांगून टाकलं की उद्या शेवटचा दिवस, मोठ्या सिस्टरच्या चाकाला त्याने हातही लावायचा नाही. शुक्रवारी सकाळी मेव्हणा कपड्यांची पिशवी घेऊनच आला आणि ती दाराशी ठेवून साखळ्या घासायला बसला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. आधी तिने भावाची पिशवी पाहिली. मग भिंत. डबा तसाच हातात धरून ती भिंतीसमोर उभी राहिली, कापड बेतताना उभी राहायची तशी, एक डोळा बारीक करून.

"हे गोल कुणी काढले?" तिने विचारलं.

त्याने पराक्रम सांगितला. ती जवळ गेली, व्हॉल्व्हपासून गोलापर्यंत बोटं ठेवून मोजत पुढे सरकली. पहिली ट्यूब, चार बोटं. दुसरी, चार बोटं. तिसरीला साडेतीन. आठव्या ट्यूबपर्यंत गेली आणि वळली.

"तू टायरचा शेवट कुठे करतोस रे?" तिने भावाला विचारलं.

"व्हॉल्व्हच्या समोर. त्यावरूनच तर रोज बोलणी खातो."

"आणि तुम्ही?"

"व्हॉल्व्हपाशी," तो म्हणाला. "शहाणी माणसं तिथेच करतात."

ती बाजूला सरकली. त्याने भिंतीकडे पाहिलं. आठ ट्यूब, आठ खिळे, आणि आठही पांढरे गोल एका रेषेत, वर, खिळ्यांच्या जवळ.

"त्याची चूक असती, तर खडू खाली लागला असता," ती म्हणाली. "जमिनीकडे."

पहिल्यांदा त्याला संशय आला तो तिचा. भावाची बाजू घेतेस, म्हणाला. मग टायरच्या कंपनीचा आला. मग त्याने एक ट्यूब उतरवून स्वतः मोजली, आणि मग दुसरी. आपण पट्टीला शिवत नाही, हे तर त्याला पक्कं माहीत होतं. पट्टीशिवाय चीर पडायची तर एकच वाट उरते: ट्यूब कडेखाली अडकली, तशीच हवा भरली, आणि टायरच्या कडेतल्या तारेने दिवसभर ती कापत आणली. पण ते तपासायलाच तर फेरी असते. फेरी आपण एकदाही चुकवली नाही, अंगठा प्रत्येक वेळी सांगतो की मोकळं आहे, असं तो दोघांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

बायकोने पदराला टोचून ठेवलेली सुई काढली.

"हात पुढे करा. आणि डोळे मिटा."

त्याने एक डोळा मिटला.

"दोन्ही."

त्याने दोन्ही मिटले. उजवा अंगठा तिच्या तळहातावर ठेवला. अठ्ठावीस वर्षं रबर रेटून रेटून तो पुढून चपटा आणि चामड्यासारखा झाला होता.

"टोच," तो म्हणाला. "मला लगेच कळेल."

मेव्हणा साखळी हातात धरून बसला होता. बाहेर कुणीतरी घंटी वाजवत गेलं.

"टोच ना."

"टोचून झालं," ती म्हणाली. "तीनदा."

त्याने डोळे उघडले. अंगठ्यावर रक्ताचा एक टिपका होता. तो म्हणाला, सुई बोथट असेल. मेव्हण्याने आपला अंगठा पुढे केला, बहिणीने टोचला आणि मेव्हणा साखळीसकट जागेवरून उठला. मग अंगठेबहाद्दराच्या डाव्या अंगठ्याचं झालं. तिथे थोडं कळलं, लांबून हाक आल्यासारखं. तो बराच वेळ दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत बसला. शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं. बायकोने ते लावलं, आणि त्याने लावू दिलं.

चार वाजता मोठ्या सिस्टर सायकल घेऊन आल्या. दोन्ही नवे टायर दांड्याला अडकवलेले. बाकावर बसल्या आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

अंगठेबहाद्दराने चाक काढलं, ट्यूबमध्ये थोडी हवा घातली, समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपर्यंत आला. जोर अजून होता. शेवटची वीत टप् करून चढली. व्हॉल्व्ह दाबून सोडला. मग सवयीने अंगठा टायरवर गेला आणि नजर रस्त्यावर. अर्धी फेरी होऊन अंगठा व्हॉल्व्हपाशी आला, आणि हात थांबला.

"ती पिशवी तिथून उचल," तो मेव्हण्याला म्हणाला. "पायात येते. आत खुंटीला लाव, आणि इकडे ये."

मेव्हण्याने पिशवी आत नेली आणि चाकाशी येऊन बसला. त्याने टायर बाजूला दाबत, मान वाकडी करून, एक एक बोट पुढे सरकत पाहिलं. व्हॉल्व्हच्या जवळ येऊन थांबला.

"भाऊजी. इथे आहे."

"कुठे?"

"इथे. तुमच्या अंगठ्याखाली."

त्याने चष्मा लावून पाहिलं. कडेखालून ट्यूबची काळी, चकचकीत जीभ बाहेर डोकावत होती, आणि तिच्यावर त्याचाच अंगठा होता. त्याने हवा थोडी सोडली, तिथली कड हलवून ट्यूब आत सारली आणि व्हॉल्व्ह पुन्हा दाबला. मेव्हण्याला परत फेरी मारायला लावली. मग म्हणाला, दुसऱ्या बाजूने बघ. मग म्हणाला, शीळ बंद करून बघ. मागच्या चाकालाही तसंच. सिस्टरनी जाताना स्वतः दोन्ही चाकं दाबून पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं आणि गेल्या.

शनिवारी त्या आल्या नाहीत. सोमवारी सकाळी दुकानावरून गेल्या, सायकलवर बसून, थांबल्या नाहीत, वळूनही पाहिलं नाही. तो हातातलं काम टाकून दारात गेला.

"थांबल्या का नाहीत?" तो म्हणाला. "चौकाकडे चालल्यात. बघ तू, पलीकडे काम द्यायला चालल्यात."

"भाऊजी, चाकात हवा आहे. थांबतील कशाला?"

तो दारातच उभा राहिला. चौकाच्या अलीकडे सिस्टरनी हात दाखवला आणि त्या डावीकडे, घरांच्या गल्लीत वळल्या. तेव्हा कुठे तो आत आला आणि मेव्हण्यासमोरचं चाक ओढून घेऊन चष्मा लावला.