आक्काच्या गाडीचं आयुष्यभराचं ऑइल

सांगलीच्या वर्कशॉपमधल्या माणसाने गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं, ते आमच्या काकांना. गाडी आक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची. चालवत आणली आक्काने. रिव्हर्स टाकला की गाडी जरा वेळ नुसती थांबते आणि मग हिसका देऊन निघते, हेही तिनेच समजावून दिलं होतं. काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून सोबत आलेले. तरी तो माणूस त्यांच्याकडेच बघून म्हणाला, "साहेब, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल."

"ऑइल बदलून बघितलं तर?" आक्काने विचारलं.

"यातलं ऑइल बदलायचं नसतं. आयुष्यभराचं असतं," तो काकांना म्हणाला.

"कुणाच्या आयुष्यभराचं?"

तो काकांच्या हातात खर्चाचा कागद देऊन दुसऱ्या गाडीकडे वळला. काकांनी हे सगळं मला फोनवर रंगवून सांगितलं, आणि साताऱ्यातल्या माझ्या खोलीत मी लगेच कोरा कागद पुढे ओढला.

ही सवय घरची. वडील चळवळीतले. आटपाडीकडच्या पाण्याच्या सभा, हमालांच्या सभा, कसल्या ना कसल्या सभेची पत्रकं आमच्या सोप्यात गठ्ठ्याने पडलेली असायची. त्यांच्या घड्या घालायला आम्ही दोघी बहिणी बसायचो. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. आक्काचा अपघात झाला तेव्हाही तसंच झालं. दिवेलागणीला उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि आक्काची स्कूटी तिच्यावर जाऊन आदळली. मी ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरवर पत्रक काढलं आणि कडेगावच्या बाजारात उभी राहून वाटलं. ते पत्रक खरं होतं, आजही मी ते वाटेन. पण आक्काचा डावा घोटा आखडला तो आखडलाच. स्कूटी तोलणं आणि गाडीचा क्लच दाबणं, दोन्ही संपलं.

ती शिकवते त्या वस्तीवर सकाळची एसटी जात नाही. मग रोज कुणाच्या तरी गाडीवर मागे बसायचं, त्याची वेळ सांभाळायची, त्याच्या घरचं लग्न असलं की रजा टाकायची. कपडे आणायला बाजारात जायचं तरी कुणाला तरी विचारायचं. ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घरात आली तेव्हा यातून ती सुटली. क्लच नाही, एकटा उजवा पाय पुरतो. नवा गिअरबॉक्स घालणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे गिअरबॉक्स गेला तर गाडी गेली, आणि आक्का पुन्हा कुणाच्या तरी मागच्या सीटवर.

मी तिला फोन लावला. "पत्रक लिहितेय. मथळा ऐक. आयुष्यभराचं ऑइल, कुणाच्या आयुष्यभराचं?"

"मथळा झ्याक हाय," ती म्हणाली. "पण मला सोमवारी शाळेत जायचंय. पत्रकावर बसून जाऊ का?"

मी कागद बाजूला ठेवला.

मग गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकाच्या पानांचे फोटो आक्काकडून मागवले आणि ते मी पत्रकासारखंच, तळटीपांसकट वाचून काढलं. त्यात 'आयुष्यभर' हा शब्द कुठेच नव्हता. उलट खडतर वापर असेल तर ऑइल बदला असं साफ लिहिलं होतं, आणि खडतरच्या व्याख्येत धूळ, ऊन, चढ, आमचा अख्खा तालुका बसत होता. पण कराडच्या एका ओळखीच्या मेकॅनिकने दुसरी भीती घातली. म्हणाला, फार जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्समधल्या झिजलेल्या प्लेटा घसरायला लागतात. आज हिसका देत का होईना चालणारी गाडी उद्या जागची हलणार नाही. खरं काय ते गिअरबॉक्सच्या खालचं पॅन, म्हणजे ऑइल साठतं ते पसरट भांडं, उघडल्यावर कळेल. त्या पॅनमध्ये चुंबक असतात. आत झिजलेलं लोखंड त्यांना येऊन चिकटतं. मऊ गाळ असेल तर नुसती वापराची झीज. कण, किरचा निघाल्या तर आशा सोडा.

मी हे आक्काला जसंच्या तसं सांगितलं.  ती म्हणाली, "उघडू या. न बघता भ्यायचं मला जमत न्हाई."

रविवारी मी साताऱ्याहून नवा फिल्टर, पॅनच्या कडेला बसणारं गॅस्केट आणि पुस्तकात लिहिलेल्या नंबरचं ऑइल घेऊन घरी आले. काकांनी लोखंडी स्टँड दिले. काका फौजेत ट्रकांवर होते. ऑटोमॅटिक गाडीला ते गाडी मानत नाहीत.

"गिअर आपोआप पडतो, क्लच न्हाईच. मग डायवर काय करतो?"

"डायवर तुमच्यासारख्यांचं ऐकून घेतो," आक्का म्हणाली.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करून घेतलं. चाकांना दगड लावले, गाडी स्टँडवर घेतली, दोन्ही हातांनी ढकलून हलत नाही हे बघितलं आणि मगच मी खाली शिरले. आक्का बाजूला पाट टाकून बसली, डावा पाय लांब सोडून. पाना मागितला की पाना, चिंधी मागितली की चिंधी. रस्त्याने जाणारं प्रत्येक माणूस फाटकाशी थांबत होतं.

"काय गं, गाडी खोलली व्हय?"

"न्हाई, तिला मालिश करतोय," आक्का.

बूच सोडलं आणि ऑइल घमेल्यात पडायला लागलं. नवं ऑइल सरबतासारखं लाल असतं. हे काळपट तपकिरी होतं, चहा फार उकळल्यावर होतो तसं. मी बोट बुडवून वास घेतला. जळका होता, पण नाकात भरण्याइतका नव्हता. आक्काने चिंधी पुढे केली. मी बोट पुसलं.

पॅनचे बोल्ट कडेकडेने सैल केले, शेवटचे दोन हाताने धरून काढले. तरी पॅन तिरकं झालंच आणि उरलेलं ऑइल माझ्या कोपरापर्यंत आलं. काका हसले. पॅन मी सरकवून बाहेर दिलं. आक्काने ते मांडीवरच्या गोणपाटावर घेतलं. कोपऱ्यांत चुंबक बसवलेले होते, आणि प्रत्येकावर जाड काळा थर.

गाडीखालून मला तिचे फक्त हात दिसत होते. एका चुंबकावरचा गाळ तिने बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळायला लागली. गिरणीत दळण घ्यायला गेलं की आपण पीठ बघतो ना, पहिली मूठ पडली की चिमटीत धरून, अगदी तसं. चोळत राहिली. थांबली. दुसऱ्या चुंबकावरचा घेतला.

आईला स्वयंपाकघराच्या दारातून एवढंच दिसलं असणार, कारण ती तिथूनच ओरडली, "कसं हाय गं? जाड का बारीक?"

आक्का हसायलाच लागली. मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. हसता हसता तिला रडायला आलं आणि काळा अंगठा नाकाला लागला. "बारीक हाय, आई! लय बारीक! मैद्यावानी!"

"मग बसलाय काय? भरा की."

काकांनी वाकून स्वतःच्या बोटाने तपासलं. खडा नाही, किरच नाही. "गाडी फस्क्लास हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या गाडीला गाडी म्हणाले.

पुढचं काम मी हलक्या हाताने केलं. जुना फिल्टर उतरवला. त्याची जाळी गाळाने बुजली होती. गाडी का अडत होती, याचं निम्मं उत्तर तिथेच असावं. त्याची जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, ते टॉर्च मारून बघितलं. राहिली होती. ती काढली आणि नवा फिल्टर बसवला. पॅन पुसून, चुंबक स्वच्छ करून, नव्या गॅस्केटवर वर चढवलं. बोल्ट समोरासमोरचे आवळत गेले. काकांचं आपलं चालू होतं, "अजून आवळ, ताकद न्हाई का?"

"हा ट्रक न्हाई काका. जास्त आवळलं तर गॅस्केट दबून फुटतंय."

"मग ठिपकलं तर मला सांगू नको."

काढलेलं ऑइल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. जेवढं निघालं जवळजवळ तेवढंच नवं, नरसाळ्याने डिपस्टिकच्या, म्हणजे लेव्हल बघायच्या काडीच्या, नळीतून घातलं. काकांना जुनं ऑइल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी हवं होतं. मी नाही म्हटलं. गोठ्याच्या मागे विहीर आहे. यावर आमचं चांगलं वाजलं, आणि बाटल्या जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्यायच्या असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं आणि काका रुसले.

पण लेव्हल बघायला तेच पुढे आले. गाडी सपाटीवर असल्याशिवाय डिपस्टिक खरं सांगत नाही, आणि आमचं अंगण गोठ्याकडे उतरतं. काकांनी बांधकामातली पारदर्शक नळी पाण्याने भरून आणली, गवंडी धरतात तशी दोन टोकांना धरायला लावली, आणि फाटकाजवळच्या कोब्यावर सपाट जागा शोधून दिली. गाडी स्टँडवरून उतरवून आम्ही ती ढकलत तिथे नेली आणि आक्का आत बसली. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, एकेक गिअर थोडा थांबून, पुन्हा पार्किंगला. मी काडी पुसून घातली, काढली. लाल. दोन खुणांच्या मध्ये. खाली पुठ्ठा सरकवला होता, त्यावर एकही थेंब नव्हता.

"आता रिव्हर्स टाक," मी म्हटलं.

आक्काने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मग लिव्हर ओढला.

हिसका आला नाही. इतका आला नाही की मला वाटलं गिअर पडलाच नाही, कराडच्या मेकॅनिकचं खरं झालं. आणि तेवढ्यात गाडी मागे जायला लागली. गपचूप, मऊ. फाटकातून मागे, रस्त्यावर. तिने पुढचा गिअर टाकला. तोही तसाच पडला.

मी हात पुसत दार उघडायला गेले. मला वाटलं चाचणीला दोघी जाऊ. काकाही टोपी शोधत होते. आक्काने काच खाली केली.

"तुमी थांबा," ती म्हणाली. "मी येते."

गेली. आई चहा घेऊन बाहेर आली तोवर गाडी विट्याच्या रस्त्याला लागली होती. आम्ही चहा प्यायलो. मी हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, तरी नखं काळीच राहिली. काका दोनदा फाटकाशी जाऊन आले आणि दोनदा म्हणाले की आपण काळजी करत नाही. ऊन कलायला लागल्यावर गाडी आली. आक्का उतरली. नाकावरचा काळा डाग तसाच होता.

"कुठं गेलीवतीस एवढा वेळ?" आईने विचारलं.

"कुठंच न्हाई," आक्का म्हणाली.