आमच्या बाबांचे जंतू

आमच्या घरात देवांखालोखाल मान होता तो एका स्टीलच्या डब्याला. पूर्वी दिवाळीत आई त्यात चकल्या भरायची. पण छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्याच सुमारास बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काहीतरी ताब्यात लागतं. बाबांनी डबा ताब्यात घेतला आणि त्यात गोळ्या साठवायला सुरुवात केली. कुणाच्या ऑपरेशननंतर उरलेल्या, कुणी बरं वाटताच सोडून दिलेल्या, कुणी वारल्यावर घरच्यांनी "बडे बाबू, आप ही रख लो, काम आएगी" म्हणून आणून दिलेल्या. पुरानी बस्तीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या गल्ल्यांच्या त्या पुंजक्यात, औषधाची गोळी फेकून देणं हे अन्न टाकण्याइतकंच पाप मानलं जाई.

जन्मभर पार्सलं लावलेल्या माणसाने गोळ्याही तशाच लावल्या. डब्यात पुठ्ठ्याची एक भिंत होती. एका बाजूला कमरेच्या वरचं, दुसऱ्या बाजूला कमरेच्या खालचं. डोकं, घसा, छाती वर. लघवी, गुडघा, पाय खाली. पोट नेमकं कुठे मोडतं यावरून त्यांचा आणि आईचा कायमचा वाद होता. आई म्हणायची, "तुमचं पोट दोन्हीकडे आहे, तुमच्यासाठी वेगळा डबा घ्या."

सकाळी दहाच्या सुमारास बाबा घरापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि दवाखाना सुरू होई. लक्षण ऐकायचं, जीभ पाहायची, "हव, हव" म्हणत मान डोलवायची आणि डबा उघडायचा. कुणाला गोळ्यांची पूर्ण पट्टी द्यायची नाही, हा त्यांचा नियम. समजा पाच दिवसांचं औषध हाती आलं, तर ते पाच घरांत जायचं. एकाने पोटभर खावं आणि चौघांनी तोंडाकडे बघावं हे त्यांना अन्यायाचं वाटे. गोळ्या ते प्रसादासारख्या वाटत. थोडीथोडी, पण प्रत्येकाच्या हातावर पडलीच पाहिजे.

आणि लोक बरे होत! हीच तर सगळी अडचण होती. सर्दीखोकला आपसूक बरा होतोच, पण श्रेय लाल-पिवळ्या कॅप्सूलला जाई आणि कॅप्सूलमार्फत बाबांना. पार्सल ऑफिसात त्यांना कुणी चहाला विचारलं नसेल, इथे मात्र लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसवत. वर्ध्याकडून आलेला हा माणूस, चाळीस वर्षं रायपुरात राहूनही ज्याचं हिंदी ऐकून दुकानदार हसत, तो पाऱ्याचा वैद्य झाला होता. त्या मानावर त्यांचा जीव होता, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

अशा घरात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, याला काय म्हणावं? राजधानी झाल्यावर शहरात रस्ते खणले गेले, जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या लागल्या, आणि त्या धामधुमीत एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मला संशोधनाचं काम मिळालं. रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू वाढवायचे आणि कोणत्या औषधाला ते अजून मरतात, कोणत्याला मरत नाहीत, हे पाहायचं. न मरणाऱ्यांची संख्या वाढतच होती. आई नातेवाइकांना फोनवर सांगायची, "पोट्टी लघवीत काम करते." स्थळं यायची ती त्यानंतर थोडी कमी झाली.

मी बाबांना समजावायचे. तापाच्या गोळीचं ठीक आहे, पण जंतू मारायच्या गोळ्या अर्धवट दिल्या की कच्चे जंतू मरतात, तयारीचे उरतात आणि मग त्यांचंच कुटुंब वाढतं. शिवाय जंतू आपली युक्ती शेजारच्या जंतूला देतात. जात वेगळी असली तरी देतात. औषध कसं निकामी करायचं याचा छोटासा तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, जसं आपल्याकडून कुणी विरजण नेतं तसा.

बाबा भारावले. म्हणाले, "बरे संस्कारी आहेत जंतू. आजकाल मानसं इतकं करत नाही."

"बाबा, ते कौतुकाचं नाहीये!"

"तू मले सांगू नको. माझ्या हाताले गुण आहे. समोरच्या काकीले विचार, तिचा खोकला कोन घालवला?"

समोरची काकी म्हणजे आमच्या दारासमोर राहणारी छत्तीसगढी विधवा म्हातारी, बाबांची सर्वांत जुनी आणि सर्वांत निष्ठावान रुग्ण. तिला रोज काहीतरी होई. सोमवारी गुडघा, मंगळवारी डोकं, बुधवारी "जी कइसे-कइसे लागत हे", म्हणजे नुसतं कसंतरीच. ती ओट्यावर बसून तासभर आजार सांगे, बाबा तासभर ऐकत, मग एक गोळी पदराला बांधून ती रस्ता ओलांडून घरी जाई. तिच्यापुढे माझी पदवी म्हणजे किस झाड की पत्ती!

मग बाबांनाच लघवीची जळजळ सुरू झाली. अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वैद्य आजारी पडतो हे पाऱ्याला कळलं तर काय राहिलं? गुपचूप कमरेखालच्या भागातली एक गोळी घेतली. बरं वाटलं, सोडली. पुन्हा जळजळ, मग दुसऱ्या रंगाची. असं करत त्यांनी तो अख्खा कप्पा चाखून पाहिला, जसं आई लोणच्याच्या बरण्या चाखते. आम्हाला पत्ता लागला तो त्यांना हुडहुडी भरून खाट हलायला लागली तेव्हा.

बातमी दहा मिनिटांत पाऱ्यात पोचली आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एकेक घरातून माणसं येऊ लागली, प्रत्येकाच्या मुठीत एखादी गोळी. कुणी साखरेच्या डब्यात जपली होती, कुणी देवघरात. "बडे बाबू, ये आपने ही दी थी, एक बचा के रखी थी." बाबांनी वाटलेला प्रसाद बाबांकडे परत येत होता. उशाशी गोळ्यांचा ढीग झाला, सगळ्या त्याच, लाल-पिवळ्या. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बाबा हात जोडत होते. त्यातल्या दोन त्यांनी माझ्यादेखत गिळल्याही.

काकी मात्र गोळी न आणता तांदळाची पेज घेऊन आली, आणि ती पेजच काय ती त्यांच्या पोटात टिकली.

दुपारपर्यंत ते मला "साहेब" म्हणायला लागले. "साहेब, नागपूरचं पार्सल चढलं नाही," असं सारखं सांगत होते. रक्तदाब उतरला होता. मी हसणं विसरले. कुठले जंतू असतील, त्यांना काय काय पचत असेल, याचा अंदाज पाऱ्यात फक्त मला होता. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून आम्ही त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं. वाटेत सदर बाजारात सोनाराच्या दुकानासमोर गाड्यांची ही गर्दी. आईने जीपमधून डोकं बाहेर काढून अशा शुद्ध वऱ्हाडी शिव्या घातल्या की समजलं कुणालाच नाही, पण वाट मिळाली.

नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे माझ्या सरांनी, तो मला तपासायला लावू दिला नाही, पण बघू दिला. गोल पसरट काचेच्या ताटलीत जंतूंचा थर सायीसारखा पसरवतात आणि त्यावर औषधांच्या छोट्या टिकल्या ठेवतात. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल रिंगण पडतं. चाललं नाही तर साय थेट टिकलीला येऊन भिडते. बाबांच्या ताटलीत टिकल्यांमागून टिकल्या, आणि साय सगळ्यांना भिडलेली. डब्यातली एकूण एक जात नापास. एका कडेला एकच टिकली होती, तिच्याभोवती छान मोठं रिंगण. ते औषध शिरेतून द्यायचं होतं, दवाखान्यातच, आणि पूर्ण मुदतीपर्यंत.

ते लागू पडलं. ताप उतरला, नागपूरचं पार्सल चढलं, आणि बाबा लगेच घरी जाऊ म्हणू लागले. "मले आता बरं वाटून राहिलं. उरलेलं इंजेक्शन बांधून द्या, पाऱ्यात कामी येईन." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत जाते की काय असं झालं.

शेवटी मी सरांची परवानगी काढली आणि बाबांना चाकाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेच्या काचेपर्यंत नेलं. आतून ताटली धरून दाखवली. बाबांनी चष्मा पुसला.

"हे माझ्या अंगातले?"

"तुमच्या अंगातल्यांची पोरंबाळं."

"अन् ही टिकली कोनती?"

मी सांगितलं. लाल-पिवळीतलंच औषध. तिच्याभोवती साय अशी दाट होती की जणू तिथे जंतूंचं जेवणच चालू होतं. बाबांनी एकेक टिकली विचारली, मी एकेक नाव सांगत गेले. डब्यातली सगळी ओळखीची मंडळी. त्यांनी काचेला नाक लावलं. मग म्हणाले, "मले वाटे मी यायले मारून राहिलो. अन् मी तं यायले तालमीत घालून राहिलो होतो."

मी इतकी व्याख्यानं दिली होती, त्यातलं एक वाक्यही इतकं नेमकं नव्हतं. राग आला मला.

ते घरी आले तेव्हा डबा आईने आधीच रिकामा केला होता. गोळ्या मी दवाखान्यात जमा केल्या, डबा तिने चिंच लावून घासला.  दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओट्यावर आली, बाबा बसले, आणि पहिली आली ती काकी. सुनेला खोकला झाला होता.

"बडे बाबू, एकाध गोली दे देते."

बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. आयुष्यात त्यांनी ओट्यावर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. "काकी, अब गोली नहीं देता मैं. डाक्टर को दिखाओ. बिना पूछे खाना बुरा होता है."

 काकी पदर सावरून उठली. "बडे बाबू बदल गे," एवढं म्हणून गेली. मग आणखी दोघं-तिघं आली, तीच उत्तरं ऐकून गेली. नळावर बायका म्हणू लागल्या की बडे बाबू मोठ्या दवाखान्यात जाऊन आले, आता गरिबांना विचारत नाहीत. एकीने तर गोळ्या लेकीच्या हुंड्यासाठी साठवल्यात असंही पसरवलं. माझ्या हुंड्यात अर्धवट गोळ्या!

आणि ओटा ओस पडला. बाबा रोज खुर्ची टाकत आणि रस्त्याकडे पाहत बसत. कुणी दिसलं की ताठ होत. माणूस नमस्कार करून पुढे जाई. मी त्यांना वर्तमानपत्र दिलं, ते घडी न मोडता मांडीवर राहिलं. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "आता मले कोन विचारते? लोक गोळीसाठी येत होते, मले वाटे माझ्यासाठी येते." आईने नेहमीसारखं काही टोचून बोलायचं सोडून त्यांच्या पानात भाजी वाढली. मला वाटलं, जंतू मारता मारता आम्ही माणूसच आजारी पाडला. मी बरोबर होते, पूर्ण बरोबर होते, आणि मला माझंच तोंड पाहावंसं वाटत नव्हतं.

बरेच दिवस असे गेले. मग एका दुपारी समोरचं दार वाजलं आणि काकी रस्ता ओलांडून आली. बाबा खुर्चीत सरसावून बसले. नकार पाठ होता.

"काकी, गोली नहीं है हां. चलो, मैं साथ में आता हूँ, डाक्टर के पास चलते हैं."

"गोली कोन मांगत हे?"

"तो बुखार है?"

"नइ."

"खाँसी? पेट? गुडघा?" घाईत त्यांचं हिंदी संपलं.

"कुछु नइ होय हे." काकी ओट्यावर फतकल मारून बसली, सुपारी काढली, आणि मग फार साधेपणाने म्हणाली, "तुंहर तीर बइठे बर आय हंव." तुमच्याजवळ बसायला आले आहे. "पहिली घलो बइठेच बर आवत रहेंव. गोली ला तो मैं तुलसी चौरा मा डार देत रहेंव."

पूर्वीही बसायलाच यायची. गोळ्या ती तुळशीवृंदावनात टाकायची. वर्षानुवर्षं! गुडघ्याच्या, घशाच्या, सगळ्या. माझ्या डोक्यात आधी आलं ते त्या वृंदावनातल्या मातीतले जंतू केवढे पैलवान झाले असतील हे, आणि नमुना कसा मागावा हे. मी बाबांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

 बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  मग आत तोंड करून, अख्ख्या पाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अवं, चाय ठेव! काकी आली. काई झालं नाही तिले. अशीच आली!"